दुहेरीच्या खेळाडूची मदत आठवड्यांत मोजा

टेनिसच्या जागतिक दुहेरी क्रमवारीत चारशेच्या आसपास असलेल्या खेळाडूवर नाशिकसारख्या शहरानं, इथल्या उद्योगांनी आणि क्लबांनी पैसे खर्च करावेत का? करावेत, आणि सध्या करतात त्यापेक्षा वेगळ्या पद्धतीनं करावेत. आज आपल्याकडे चौदा-सोळा वर्षांच्या मुलानं राज्य अजिंक्यपद मिळवलं की सत्कार होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, एखादा उद्योजक एका दौऱ्याचं तिकीट काढून देतो. तोच मुलगा बावीसाव्या वर्षी एकेरी कमी करून दुहेरीकडे वळला की लोक म्हणतात, ‘एकेरीत जमलं नाही वाटतं.’ आणि नेमकी तेव्हाच, त्याला खरी गरज असताना, मदत आटते.

हा समज निदान भारतात तरी कुणी बाळगू नये. वरिष्ठ गटातलं ग्रँड स्लॅम एकेरीत एकाही भारतीयाला मिळालेलं नाही. जे काही मिळालं ते सगळं दुहेरी आणि मिश्र दुहेरीतलं: लिअँडर पेसची १८, महेश भूपतीची १२, सानिया मिर्झाची ६, रोहन बोपण्णाची २. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताला टेनिसची दोन पदकं मिळाली आणि दोन्ही जोडीनं मिळवलेली होती. ऋतुजा भोसले आणि बोपण्णा यांचं मिश्र दुहेरीतलं सुवर्ण, साकेत मायनेनी आणि रामकुमार रामनाथन यांचं पुरुष दुहेरीतलं रौप्य. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेनं २०१४ मध्ये इंचॉनला सानियाबरोबर कांस्यपदक मिळवलं, तेही दुहेरीत. पुण्याच्या अर्जुन कढेनं ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीनं २०२४ मध्ये अल्माटीची एटीपी २५० स्पर्धा (एटीपी म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) जिंकली. युकी भांब्री एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत गेला होता; दुखापतींनंतर तो दुहेरीकडे वळला आणि २०२५ मध्ये मायकल व्हीनसबरोबर अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत खेळला. बोपण्णा ४३ व्या वर्षी जगात पहिला झाला. ज्या प्रकारात देशाला यश मिळतं तो प्रकार आपण उरलासुरला समजतो, आणि त्या समजाची किंमत खालच्या पायरीवरचा खेळाडू भरतो.

त्याचा आठवडा कसा जातो ते आधी पाहू. व्यावसायिक टेनिसची सर्वात खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या एम-१५ स्पर्धा. एकूण बक्षीस १५,००० डॉलर, पण त्यातला मोठा भाग एकेरीला जातो. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला दोघांत मिळून हजार डॉलरच्याही आत. म्हणजे दुहेरीच्या विजेत्याच्या हातात, कर कापण्याआधी, फार तर पंचेचाळीस हजार रुपये. आता भारतातल्याच एका आठवड्याचा काटकसरीचा हिशेब मांडा. हॉटेलची खोली जोडीदारासोबत वाटून माणशी रोजचे २,००० धरले तर सात रात्रींचे १४,०००. जेवण ७,०००. रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा नव्यानं ओवणं, सहा वेळा, ६०० प्रमाणे ३,६००. प्रवास ४,०००. फिजिओकडे दोन वेळा, ३,०००. झाले ३१,६००. यात प्रशिक्षक नाही, तारांचा रीळ नाही, बूट नाहीत, विमा नाही. स्पर्धा जिंकली तरच थोडं उरतं. सोळा जोड्यांपैकी जिंकते एक. बाकी पंधरा जोड्या खिशातून खेळतात, आणि मंगळवारी पहिल्या फेरीत हरलेली जोडी पुढच्या सोमवारपर्यंत हॉटेलचं भाडं भरत सराव करते.

गुणांचंही असंच. एम-१५ ची दुहेरी जिंकली तर १५ गुण. वरच्या पायरीवरची चॅलेंजर १०० स्पर्धा जिंकली तर १००. तेवढे गुण खाली राहून गोळा करायचे तर सात विजेतेपदं लागतील, तीही ५२ आठवड्यांच्या आत, कारण वर्ष उलटलं की जुने गुण गळून पडतात. म्हणून या खेळाडूचं पहिलं उद्दिष्ट खाली जिंकत राहणं हे नसतं, तिथून लवकर वर निघणं हे असतं.

इथं दुहेरीची गुणपद्धती आडवी येते, आणि मदत करणाऱ्यांनी हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. या स्पर्धांत दुहेरीत ड्यूसनंतर ॲडव्हांटेज नसतो; ४०-४० झाले की एकच निर्णायक गुण, आणि तो कोणत्या बाजूनं घ्यायचा हे सर्व्हिस घेणारी जोडी ठरवते. एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. सामना सव्वा-दीड तासात संपतो. प्रेक्षकांसाठी आणि आयोजकांसाठी हे सोयीचं आहे, पण सामना जितका छोटा तितका नशिबाचा वाटा मोठा. एखादी जोडी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा स्पष्ट सरस आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची तिची शक्यता ६० टक्के आहे असं धरा. सोळा जोड्यांची स्पर्धा जिंकायला सलग चार सामने जिंकावे लागतात, म्हणजे ०.६ चा चौथा घात, साधारण १३ टक्के. अशा चांगल्या जोडीला तीन आठवड्यांचा दौरा घडवून आणला तर तिन्ही ठिकाणी विजेतेपदाविना परतण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के. मग दाता म्हणतो, ‘आम्ही मदत केली, पण पोरं काही करू शकली नाहीत.’ याच जोडीला वीस आठवडे दिले तर एकही विजेतेपद न मिळण्याची शक्यता सहा टक्क्यांवर येते. जोडी तीच आणि खेळही तोच, पण वीस आठवड्यांत तिची गुणवत्ता दिसायला जागा मिळते. एका दौऱ्याची मदत म्हणजे लॉटरीचं तिकीट काढून दिल्यासारखी होते.

प्रवेशाची गणितंही बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. दुहेरीची क्रमवारी प्रत्येकाची स्वतंत्र असते, पण स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर; बेरीज जितकी कमी तितकं नाव वर. शिवाय एकेरीचा क्रमांक चांगला असेल तर तो वापरता येतो. समजा, आपल्या जोडीचे क्रमांक ३१० आणि २९०, बेरीज ६००. एकेरीत १८० वा असलेला खेळाडू दुहेरीतल्या ४०० व्या क्रमांकाच्या मित्राला घेऊन आला की बेरीज ५८०. आपली जोडी यादीबाहेर. तो खेळाडू एकेरीत पुढे गेला तर पाय दुखतोय म्हणून दुहेरीतून माघार घेईल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून यादीबाहेरची जोडी बॅगा घेऊन कोर्टाजवळ राखीव म्हणून बसून राहते. एकेरीची यादी दोन-अडीच आठवडे आधी ठरते, दुहेरीची अगदी तोंडावर, त्यामुळे विमानाचं स्वस्त तिकीट आधी काढणं म्हणजे जुगार.

आणि जोडीदार. एकाला दुखापत झाली की दुसरा बेकार. एकाचा क्रमांक शंभरनं सुधारला की त्याला वरच्या स्पर्धेत प्रवेश मिळवून देणारा दुसरा जोडीदार खुणावतो; त्यात विश्वासघात वगैरे काही नसतो, बेरीजच तशी आहे. मग मागे राहिलेला खेळाडू फोनवर रोज नवा जोडीदार शोधतो. डावखुरा असेल तर लवकर मिळतो. तीन आठवड्यांत तीन जोडीदार झाले की इशारे, जागा, सर्व्हिसचा क्रम सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि निर्णायक गुणाच्या वेळी दोघंही मधल्या चेंडूकडे पाहत राहतात. जोडी दोन हंगाम टिकवता आली तर हा तोटा टळतो. ती टिकण्यासाठी दोघांनाही एकाच वेळी पैसे मिळाले पाहिजेत. एकाला प्रायोजक आणि दुसरा वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीवर, अशी जोडी वर्षही काढत नाही.

वरच्या स्तरावरून दिलासा येईल असं चित्र नाही. एटीपीनं २०२४ पासून पहिल्या २५० खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली. पहिल्या शंभरात असलेल्याला वर्षाला तीन लाख डॉलरपर्यंत. ही हमी एकेरीसाठी आहे. विंबल्डनमध्ये २०२५ ला एकेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ६६,००० पौंड मिळाले. दुहेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीला दोघांत मिळून १६,५००. त्याच वर्षी अमेरिकन ओपननं मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात हलवली, सोळाच जोड्या घेतल्या, अंतिम सामना सोडून चार गेमचे सेट ठेवले आणि जागा प्रामुख्यानं एकेरीतल्या नामवंतांना दिल्या. दुहेरीच्या बहुतेक तज्ज्ञांना बाहेर ठेवलेल्या त्या स्पर्धेत दहा लाख डॉलरचं बक्षीस पटकावलं ते सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी या दुहेरीत मुरलेल्या जोडीनं. तिकिटं एकेरीच्या नावांवर खपतात हे आयोजकांचं म्हणणं खोटं नाही. पण एरानी-वावासोरीचा निकाल एक गोष्ट सिद्ध करतो: दुहेरी हे वेगळं कसब आहे, आणि ते नुसत्या जोरदार फोरहँडनं येत नाही.

ते कसब नाशिकमध्ये शिकवलं जातं का? फारसं नाही, आणि इथं दोष पैशाचा नाही, सवयीचा आहे. अकादमीत एका कोर्टावर चार मुलं उभी राहतात आणि तासभर तिरके फटके मारतात. नेटजवळचा खेळ शेवटच्या दहा मिनिटांत, अंधार पडता पडता. याला नियमही हातभार लावतात: कुमारांच्या आंतरराष्ट्रीय क्रमवारीत दुहेरीचे गुण पाव हिश्शानंच धरले जातात, म्हणून पालकही दुहेरीला पाव हिश्शाचंच लक्ष देतात. मुलगा अठराव्या वर्षी मोठ्यांच्या दुहेरीत उतरतो तेव्हा ठरावीक चुका घेऊन. सर्व्हिस वेगवान, पण पहिली सर्व्हिस दोनातून एकदाच आत. दुसरी आखूड पडते आणि तिच्यावरचा फटका नेटजवळच्या जोडीदाराच्या अंगावर येतो. जोडीदार गल्ली, म्हणजे दुहेरीतली कडेची पट्टी, राखायची म्हणून बाजूच्या रेषेला चिकटून उभा, त्यामुळे मधली जागा मोकळी. परतीचा फटका कमरेच्या उंचीवर, म्हणजे समोरच्या नेटवाल्याला आयता. डोक्यावरून उंच चेंडू (लॉब) आला की दोघंही मागे पळतात.

आठवड्यातून नव्वद मिनिटांची दोन सत्रं नीट वापरली तरी हे सुधारतं. पहिली वीस मिनिटं फक्त सर्व्हिस, वेगाचं भान न ठेवता: दहापैकी सात आत, आणि तीही मधल्या रेषेवर किंवा समोरच्याच्या अंगावर, कारण तिथून येणाऱ्या परतीच्या फटक्याला कोन मिळत नाही. पुढची वीस मिनिटं सर्व्हिस करून पुढे येताना पहिली व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका) पायाशी येते तेव्हा ती तिरकी आणि खोल ठेवायचा सराव. मग परतीचे फटके, समोर नेटजवळ सतत हलणारा माणूस उभा करून, म्हणजे शेवटच्या क्षणी दिशा बदलायचा मोह आवरायला शिकता येतं. शेवटची तीस मिनिटं प्रत्येक गेम ४०-४० पासून सुरू करायचा. वीस निर्णायक गुण एका सत्रात. अमेरिकी विद्यापीठांत सांघिक लढतीची सुरुवातच दुहेरीच्या तीन छोट्या सामन्यांनी होते आणि त्यावर एक गुण ठरतो. ऋतुजा भोसले आणि अर्जुन कढे त्याच वातावरणातून गेले. आपल्या क्लबांच्या आंतरगट लढतींत हा क्रम लावायला एक रुपयाही लागत नाही.

नाशिकची हवाही लक्षात घ्यावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, त्यामुळे चेंडू किंचित जास्त पळतो. इथं सर्व्हिसवर सामने जिंकणारी जोडी ट्युनिशियातल्या मोनास्तिर किंवा तुर्कस्तानातल्या अंताल्याला, समुद्राकाठी, ओलसर हवेत गेली की चेंडू जड होतो आणि तीच सर्व्हिस परत येऊ लागते. तारांचा ताण एक-दोन पौंडांनी कमी करावा लागतो, आणि हे कळेपर्यंत पहिला आठवडा गेलेला असतो. पावसाळ्यात उघडी कोर्टं बंद. जून ते सप्टेंबर सराव तुटतो. या चार महिन्यांत बाहेर राहून खेळण्याचा खर्च मदतीच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

आता एकूण रक्कम. वर्षाला चोवीस आठवडे धरा, दहा भारतात आणि चौदा बाहेर. भारतातले ३२,००० प्रमाणे ३ लाख २० हजार. बाहेरचे, सलग तीन-चार आठवडे एकाच ठिकाणी खेळून विमानखर्च वाटून घेतला तर, ७५,००० प्रमाणे १० लाख ५० हजार. माणशी १३ लाख ७० हजार, जोडीचे वर्षाला साधारण साडेसत्तावीस लाख, प्रशिक्षकाविना. रक्कम मोठी आहे. पण सातपूर-अंबडच्या एखाद्या मोठ्या कारखान्याला ती झेपणार नाही इतकी नाही. चार-पाच कंपन्या एकत्र आल्या तर सहज झेपेल.

कायद्यानं वाटही ठेवली आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय मान्यताप्राप्त व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. अडचण येते ती कंपनीला शर्टावर नाव हवं असतं तेव्हा. जाहिरातीच्या लाभासाठी केलेलं प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. तेव्हा दोन पाकिटं वेगळी ठेवावीत: प्रशिक्षणाचा निधी नोंदणीकृत विश्वस्त संस्थेमार्फत, आणि शर्टावरचं नाव हवं असेल तर ते जाहिरातीच्या खात्यातून. या दोन गोष्टी एकाच पत्रात लिहिल्या की लेखापरीक्षक अडवतो आणि खेळाडूचा हंगाम निघून जातो.

पैसे आगाऊ द्यावेत हे तर ठासून सांगायला हवं. ‘बिलं आणा, मग देऊ’ ही पद्धत कारखान्याच्या पुरवठादाराला चालते. खेळाडूला व्हिसासाठी बँकेत शिल्लक दाखवावी लागते, तिकीट आणि हॉटेल आधी भरावं लागतं. शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, त्यामुळे युरोपातले आठवडे आधीच आखावे लागतात. तीन महिन्यांचा निधी सुरुवातीला, हिशेब आला की पुढचे तीन महिने, एवढी शिस्त पुरेशी आहे.

दुसरा मार्ग म्हणजे आठवडे नाशिकलाच आणणं. अखिल भारतीय टेनिस संघटनेमार्फत अर्ज करून एम-१५ च्या दोन स्पर्धा सलग घ्याव्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एकच स्पर्धा घेऊन भागत नाही. बाहेरचे खेळाडू एका आठवड्यासाठी मुंबईहून घाट चढून येत नाहीत, दोन आठवडे असले तर येतात. बक्षिसाचे १५,००० डॉलर हा खर्चाचा एक भाग. रेफ्री, पंच, चेंडू, फिजिओ, गटिंगवाला आणि रुग्णवाहिका धरून एका आठवड्याचा खर्च बक्षिसाच्या दीडपटीपुढे जाईल असं धरूनच चालावं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरतो तेव्हा सकाळी कोर्टावर दव असतं, म्हणून सामने दहाच्या आत लावू नयेत. दुहेरीचे सामने दुपारी उशिरा, कॉलेज रोड-गंगापूर रोडची मंडळी कामावरून सुटतात त्या वेळी मुख्य कोर्टावर ठेवावेत. सकाळी मागच्या कोर्टावर ढकलून मग ‘दुहेरी कोण बघतं’ असं विचारू नये. यजमानांच्या हातातली दुहेरीची वाइल्ड कार्डं, म्हणजे क्रमांक न पाहता दिलेले थेट प्रवेश, दात्याच्या मुलाला नव्हे, निवडलेल्या जोडीला. आणि राखीव जोड्यांसह सगळ्यांना दोन्ही आठवडे स्वस्त निवास. बक्षीस वाढवण्यापेक्षा निवासानं खालच्या खेळाडूचं ओझं जास्त हलकं होतं, कारण बक्षीस वर जिंकणाऱ्याकडे जातं आणि खोली पहिल्याच फेरीत हरलेल्यालाही लागते.

यावर रास्त आक्षेप असा, की हेच पैसे शंभर मुलांच्या प्राथमिक प्रशिक्षणाला का देऊ नयेत? द्यावेत, तेही द्यावेत. पण गेली कित्येक वर्षं तळाशी पैसा घालून आपण सतरा-अठराव्या वर्षी मुलांना हवेत सोडतो. वर जायची वाट दिसली नाही की पालक दहावीलाच रॅकेट काढून घेतात. द्राक्षबागाईतदाराला हे सांगावं लागत नाही: एप्रिलच्या खरड छाटणीतून एक घड मिळत नाही, खर्च मात्र पुरा होतो, आणि ती केली नाही तर ऑक्टोबरची गोडी छाटणी करून काही हाती लागत नाही. दुहेरीच्या जोडीचं पहिलं वर्ष एप्रिलचं असतं.

दुसरा आक्षेप, मदत कायमची होईल. तसं होऊ नये म्हणून अटी सुरुवातीलाच कागदावर हव्यात. पहिल्या वर्षी क्रमांकाकडे पाहू नये. किती आठवडे खेळले, किती वेळा उपांत्यपूर्व फेरी ओलांडली, सर्व्हिसचे किती गेम राखले याची नोंद पाहावी. जोडीदार दुखापतीनं बाहेर गेला तर दुसऱ्याची मदत किमान आठ आठवडे चालू राहावी, नवा जोडीदार कोणत्याही राज्याचा असला तरी. कुणाचा क्रमांक झपाट्यानं सुधारला आणि तो वेगळा झाला, तर त्याच्याकडून पैसे परत मागू नयेत. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस एकच प्रश्न विचारावा: भारतात फेब्रुवारीच्या सुमारास होणाऱ्या चॅलेंजर स्पर्धांपैकी दोन ठिकाणी ही जोडी वाइल्ड कार्डाशिवाय, स्वतःच्या बेरजेवर मुख्य फेरीत पोहोचली का? पोहोचली असेल तर तिसरं वर्ष द्यावं, आणि त्यात प्रशिक्षकाचे दहा आठवडे जोडावेत. नसेल तर मदत तिथं थांबवावी, खेळाडूंना तसं सहा महिने आधी सांगावं, आणि पुढच्या जोडीचे अर्ज मागवावेत.